जुन्या सीलबंद स्पीकरला नवा वूफर घेताय? इंच नंतर, आधी पेटी मोजा

नौपाड्याचं जुनं घर रिकामं करताना बाबांचे स्पीकर मी नेरूळला घेऊन आले, जाळी काढली तर वूफरच्या, म्हणजे खालचे सूर (बास) वाजवणाऱ्या मोठ्या गोल भागाच्या, कडेचा फोम काळा चिकट होऊन बोटाला लागला. आपल्याकडच्या खाडीच्या दमट हवेत फोम टिकतच नाही. मग घरात सगळे म्हणतात तसं झालं, दहा इंची आहे ना, दुकानातून दहा इंची आण आणि बसव. आणला, बसवला, आणि बास गायब. पैसे वाया गेले ते गेले, पण त्यातून जे कळलं ते सांगते.

पेटीला पुढे मागे कुठे भोक किंवा नळी नसेल तर ती सीलबंद पेटी. ही पद्धत १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी एआर-१ या स्पीकरमधून आणली. वूफरचं स्वतःचं सस्पेन्शन, म्हणजे कोनाला धरून परत जागेवर आणणारा लवचिक भाग, मुद्दाम सैल ठेवायचं आणि पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंग म्हणून वापरायची, म्हणूनच त्या काळातल्या मानाने छोट्या पेटीतून इतका खोल बास यायचा. म्हणजे अर्धा स्प्रिंग पेटीत आहे, आणि आपण मात्र वूफर एकटाच बघून विकत घेतो.

नवा घ्यायच्या आधी जुना तपासा. मल्टिमीटर लावा, ८ ओहमचा वूफर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. रीडिंग आलं आणि कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) हाताने सरळ दाबल्यावर घासल्याचा आवाज नाही आला तर त्यामागची तारेची कॉइल ठीक आहे, फक्त फोम बदलून घ्या, याहून चांगला पर्याय नाही कारण तो वूफर त्याच पेटीसाठी बनलाय. माझ्या जोडीतल्या एकाची कॉइल तुटलेली निघाली, म्हणून नवी जोडी घ्यावी लागली. घ्यायचे तर दोन्ही बाजूंना सारखेच घ्या, एक जुना एक नवा ठेवलात तर डावं-उजवं कधीच जुळत नाही.

आता पेटी. आतली लांबी, रुंदी, खोली सेंटीमीटरमध्ये घ्या, गुणाकाराला १००० ने भागा, लिटर आले. माझी ५६ × ३१ × २४ म्हणजे ४१.७, मॅग्नेट आणि आतल्या पट्ट्यांचं वजा करून ४० धरली. मग वूफरच्या डेटाशीटवर तीन आकडे शोधा: एफएस (पेटीबाहेर वूफर आपसूक ज्या हर्ट्झला थरथरतो तो, म्हणजे त्याचा रेझोनन्स), क्यूटीएस (ती थरथर किती आवरली जाते) आणि व्हीएएस (किती लिटर हवा सस्पेन्शनइतकी स्प्रिंग देते). हे थील आणि स्मॉल या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखले जातात, आणि हे आकडे ज्या वूफरचे मिळत नाहीत तो घेऊच नका, कितीही स्वस्त असू दे.

हिशोब मोबाईलवर होतो. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या आकड्याने क्यूटीएस आणि एफएस दोन्हींना गुणा. मी नंतर घेतलेल्याचं एफएस २५, क्यूटीएस ०.४, व्हीएएस १०० लिटर, म्हणजे वर्गमूळ १.८७ आलं, पेटीतला क्यू ०.७५ आणि रेझोनन्स ४७ हर्ट्झ. क्यू ०.७ च्या आसपास आला की बास सपाट आणि आटोपशीर, १ पर्यंत चालतो, त्यापुढे गुबगुबीत वाटायला लागतो.

दुकानात समोर ठेवतात ते बहुतेक पीए (सार्वजनिक कार्यक्रमाच्या साउंडचे) वूफर, गणपतीत मांडवात लागतात त्या जातीचे. वॅट भरपूर, आवाज मोठा, पण सस्पेन्शन कडक. एफएस ५०, क्यूटीएस ०.३, व्हीएएस ६० असलेला माझ्या पेटीत टाकून बघा, रेझोनन्स ७९ वर जातो आणि क्यू ०.४७ वर येतो, म्हणजे तबल्याचा डग्गा नुसता टकटक वाजणार. शिवाय त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला किती मोठा वाजतो ते, ९५ डीबीच्या पुढेमागे असते, जुने सीलबंद स्पीकर साधारण ८५ ते ८८ चे, त्यामुळे ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा) दबतो आणि गाणाऱ्याचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. कारचा सबवूफरही नको, तो बहुधा ४ ओहमचा किंवा दोन कॉइलचा असतो आणि टू-वे (फक्त वूफर आणि ट्वीटर असलेल्या) स्पीकरमध्ये वूफरला दीड-दोन हजार हर्ट्झपर्यंत गावं लागतं ते त्याला जमत नाही.

ओहम जुन्याइतकेच ठेवा, क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर-ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारं आतलं सर्किट, त्याच आकड्यावर बांधलेला असतो. इंच फ्रेमचे असतात, म्हणून पेटीचं भोक आणि स्क्रूचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून जा. सराउंड, म्हणजे कोनाच्या कडेची लवचिक पट्टी, रबराचा घ्या, आपल्या हवेत फोम पुन्हा नको.

बसवताना आतला भरलेला कापूस टाकू नका, जितका होता तितकाच परत भरा, ग्लासवूल असेल तर हातमोजे आणि मास्क लावूनच. फ्रेमखाली हवा अडवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, हवाच. दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर टेकवून बघा, प्लसला प्लस लावल्यावर दोन्हीकडचे कोन बाहेरच आले पाहिजेत. शेवटी कोन सगळ्या बाजूंनी सारखा आत दाबून पाच-सात सेकंद धरा आणि सोडा, सावकाश परत आला तर पेटी घट्ट आहे, फटकन आला तर मागच्या टर्मिनलची प्लेट आणि स्क्रूची भोकं बघा, माझ्याकडे तिथूनच गळत होतं.