ड्रायर फिरत नाही? मोटार बदलायच्या आधी या चुका टाळा

सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर थांबला की घरात पहिलं वाक्य येतं, "मोटार गेली वाटतं". बऱ्याचदा मोटार गेलेली नसतेच, पण आपण पुढच्या तासाभरात जे उद्योग करतो त्याने ती खरंच जाते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टायमर पुन्हा पुन्हा फिरवत बसणं. ड्रायर फिरत नाहीये पण आतून हुंऽऽ असा आवाज येतोय, म्हणजे मोटारीला करंट मिळतोय आणि ती अडकलीये, अशा वेळी एकेक मिनिट "बघू आता फिरतो का" करत राहिलात तर वाइंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं, तापतं आणि मग जळका वास येतो. आवाज आला की लगेच बंद करा, प्लग काढा, कपडे बाहेर घ्या. मशीनवर ७ किलो लिहिलंय ते वॉशचं असतं, ड्रायरची क्षमता त्याहून कमी असते हे पण लक्षात ठेवा, आणि ओली जीन्स एका बाजूला कोंबली की ड्रम धडधडतो नाहीतर हलतच नाही.

कपडे काढूनही तेच? मग ड्रम आणि बाहेरच्या टबमधल्या फटीत टॉर्च मारून बघा. लहान मुलांचा मोजा, रुमाल, ब्लाऊजची नाडी, काहीही खाली गेलेलं असतं.

आता एक गोष्ट जी भल्याभल्यांना चकवते. झाकण उघडून ड्रम हाताने फिरवून बघतात आणि "जाम झालाय" म्हणतात. अहो, झाकण उघडं असताना ब्रेक लागलेलाच असतो, तो घट्टच लागणार! खरं चेकिंग असं: प्लग काढलेला, झाकण बंद, मागचं कव्हर उघडायचं आणि मोटारीच्या वरचं कपलिंग, म्हणजे मोटार आणि ड्रमला जोडणारा भाग, हाताने फिरवायचं. सहज फिरलं तर ब्रेक ठीक आहे. घट्ट असेल तर ब्रेक वायर बघा, झाकणापासून खाली येणारी ती बारीक वायर सैल झाली किंवा तुटली की झाकण बंद करूनही ब्रेकचा पॅड सुटत नाही आणि मोटार बिचारी ब्रेकशी झुंजत राहते. वायर ताणून बसवणं पाच-दहा मिनिटांचं काम आहे. वायर नीट असूनही घट्ट असेल तर बुश-बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, जाम असणार, बोअरच्या पाण्याचे क्षार बसून गंज चढून असं होतं.

कपलिंग मोकळं फिरतंय पण चालू केल्यावर नुसती हुंऽऽ, तर संशय कपॅसिटरवर घ्या, म्हणजे मोटारीला फिरायला सुरुवातीचा जोर देणाऱ्या भागावर. इथे लोक म्हणतात, "वॉश तर चालतंय, मग कपॅसिटर चांगला असणार". तसं नसतं. बहुतेक मशीनमध्ये एकाच डबीत दोन कपॅसिटर असतात, वर १०+५ वगैरे लिहिलेलं असतं, मोठा आकडा वॉशचा आणि छोटा ड्रायरचा, त्यातला छोटा गेला तरी वॉश मजेत चालतं. नवा घेताना आकडे तेच हवेत, "जास्त पॉवरचा टाका" असं दुकानदाराला सांगू नका. आणि प्लग काढला तरी त्यात चार्ज राहू शकतो, त्यामुळे टोकांना हात लावू नका, सवय नसेल तर हे काम मेकॅनिकवरच सोडा.

आवाजच नाही, एकदम शांत? वॉश चालत असेल तर ड्रायरचा टायमर, झाकणाचा स्विच आणि वायरी बघायच्या. तळ उघडा असलेल्या मशीनमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात, गॅलरीत मशीन असेल तर आधी तेच बघा.

आणि हात जोडून सांगतो, झाकणाचा स्विच खराब झाला तर तो "डायरेक्ट" करून घेऊ नका. काही मेकॅनिक दोन वायरी जोडून मोकळे होतात. मग झाकण उघडलं तरी मोटार चालूच राहते, वरून ब्रेकही लागतो, म्हणजे मोटार आणि ब्रेक दोन्हीची वाट. त्याहून वाईट म्हणजे मिनिटाला हजारावर फेरे मारणाऱ्या ड्रममध्ये लहान मुलाचा हात जाऊ शकतो. स्विच फार महाग नसतो, नवाच बसवा.

मोटार खरंच जळली असेल तर ती का जळली हे विचारल्याशिवाय नवी बसवू नका. ड्रायरच्या खाली बेलो नावाचं रबरी सील असतं, ते फाटलं की पाणी थेंबथेंब मोटारीवर पडतं. मशीनखाली तांबूस डाग दिसले तर हेच कारण असण्याची शक्यता जास्त. बेलो न बदलता नवी मोटार टाकली तर तीही पाण्यातच जाणार.

फुली ऑटोमॅटिकवाल्यांनी ही खोलाखोली करूच नका, आधी पाणी निघतंय का ते बघा. ड्रममध्ये पाणी साचलं असेल तर मशीन स्पिन करतच नाही. पाइप दुमडलाय का, फ्रंट लोडच्या खालच्या फिल्टरमध्ये नाणं, पिन, धागे अडकलेत का, एवढंच तपासा. एलजीच्या डिस्प्लेवर 'ओई' आलं तर पाणी निघण्याची अडचण आणि 'यूई' आलं तर कपडे एका बाजूला गोळा झालेत. फिल्टर उघडताना मात्र खाली पसरट ताट ठेवा आणि गरम पाण्याचा वॉश लावला असेल तर पाणी आधी गार होऊ द्या.