इमॅजिकाच्या सहलीसाठी मोठ्या कुटुंबाचा मुक्काम कमी खर्चात कसा ठरवावा

खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका हे मनोरंजन उद्यान २०१३ साली सुरू झाले, तेव्हापासून सुट्ट्यांमध्ये आत्या, काका, मामा यांची मुले एकत्र जमली की तिकडे जाण्याचा विषय हमखास निघतो. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना सकाळी निघून रात्री घरी परतता येते. परंतु कोल्हापूर, सोलापूर किंवा नाशिकहून दहा-पंधरा माणसांनी यायचे असेल तर मुक्काम करावाच लागतो. उद्यानाच्या तिकिटात आपण फारशी काटकसर करू शकत नाही, मुक्कामाच्या खर्चात मात्र पुष्कळ करता येते. त्यासाठी खोली शोधण्याआधी काही गोष्टी कागदावर मांडाव्या लागतात.

प्रथम माणसांची यादी करावी आणि तिच्यात प्रत्यक्ष उद्यानात कोण जाणार ते लिहावे. आमच्या घरातून आम्ही १४ जण गेलो होतो, त्यांपैकी आजी, गुडघ्यांचे दुखणे असलेले काका आणि सात महिन्यांचे बाळ घेऊन आलेली वहिनी अशी तीन मोठी माणसे आत येणार नव्हती. अशा माणसांचा अख्खा दिवस मुक्कामाच्या ठिकाणीच जातो. बाकीच्यांना केवळ पाठ टेकण्यापुरती जागा पुरते, परंतु यांना तळमजल्यावरची खोली, कमोड, सावलीचा व्हरांडा आणि दुपारी गरम जेवण मिळणे आवश्यक असते. म्हणून जागा निवडताना घरातील सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवावी, असे मला मनापासून वाटते. तरुण मंडळी गादी टाकून कोठेही झोपू शकतात.

यानंतर खर्च खोलीमागे न मोजता माणशी मोजावा आणि त्यात नाश्ता व रात्रीचे जेवणही धरावे. समजा, लॉजमध्ये अडीच हजार रुपयांच्या ५ खोल्या घेतल्या आणि बाहेरच्या नाश्ता-जेवणाला माणशी ३५० रुपये लागले, तर १४ माणसांचा एका रात्रीचा खर्च १७,४०० रुपये, म्हणजे माणशी सुमारे १,२४० होतो. एखादा बंगला मंगळवारी १२ हजारांना मिळाला आणि तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी नाश्ता-जेवण माणशी ३०० रुपयांत दिले, तर हिशेब १६,२०० वर, माणशी सुमारे १,१६० वर येतो. तोच बंगला शनिवारी २० हजारांना सांगितला गेला, तर माणशी खर्च १,७३० च्या आसपास जातो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यांवरून एवढे स्पष्ट होते की लॉज घ्यावा की बंगला, या वादापेक्षा कोणत्या वारी जायचे हा प्रश्न मोठा आहे. शाळांना सुट्टी असतानाही मंगळवार ते गुरुवार हे दिवस शनिवार-रविवारपेक्षा मोकळे असतात. मे महिन्यात लग्नसराईमुळे अनेक फार्महाऊस कार्यासाठी दिली जातात, त्यामुळे त्या महिन्यात जायचे असल्यास बरेच आधी बोलणे करावे. पावसाळ्यात दर उतरतात हे खरे. मात्र जोराचा पाऊस असेल तेव्हा उघड्यावरच्या राइड थांबतात आणि तिकिटाचा पैसा वाया जाण्याची शक्यता असते.

आता ठिकाणांविषयी. उद्यानाला लागूनच हॉटेल आहे आणि सोयीच्या दृष्टीने त्याला तोड नाही, परंतु चार-पाच खोल्या घ्यायच्या असल्यास ते बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर जाते. खोपोली गावातील साधे लॉज सर्वांत स्वस्त पडतात. कर्जतहून लोकल थेट खोपोलीपर्यंत येत असल्याने रेल्वेने येणाऱ्यांना ते सोयीचेही आहेत. मात्र एकाच मजल्यावर सगळ्या खोल्या मिळतील का, हे विचारून घ्यावे. कर्जत परिसरात फार्महाऊस भरपूर आहेत. लोणावळ्यात मोठे बंगले मिळतात आणि पुढे कार्ल्याला पर्यटन विकास महामंडळाचे निवासही आहे, परंतु तेथून रोज बोरघाट उतरावा आणि चढावा लागतो. शनिवारी मुंबईहून घाट चढणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा दिवसभर दमलेल्या मुलांना घेऊन त्या गर्दीत अडकणे फार त्रासाचे होते.

मला स्वतःला यांपैकी पाली हे गाव मोठ्या कुटुंबासाठी सर्वांत योग्य वाटते, जरी उद्यानापासून ते साधारण पाऊण तासाच्या अंतरावर असले तरी. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे देऊळ येथे आहे आणि देवस्थानच्या भक्तनिवासासह घरगुती निवासाच्या जागाही मिळतात. उद्यानात न जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना सकाळी निवांत दर्शन घेता येते आणि दुपारनंतर जवळच्या उन्हेरे येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाता येते, त्यामुळे त्यांचा दिवस दुसऱ्यांची वाट पाहण्यात जात नाही. अर्थात भक्तनिवासाचे नियम पाळावे लागतात. रात्री दार किती वाजता बंद होते हे आधी फोनवर विचारावे, कारण उद्यानातून निघून पालीला पोहोचेपर्यंत उशीर होऊ शकतो. संकष्टी, अंगारकी आणि माघी गणेशजयंतीच्या आसपास तेथे जागेची अपेक्षाच ठेवू नये.

इंटरनेटवर जागा शोधताना गावांच्या नावांची काळजी घ्यावी लागते. वरदविनायकाचे महड खोपोलीच्या जवळ आहे, परंतु शोधताना बहुधा महाड समोर येते आणि ते सावित्री नदीकाठचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे वेगळे शहर आहे. पाली नावाची गावेही अनेक आहेत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या जागेपासून उद्यानाच्या प्रवेशद्वारापर्यंतचा रस्ता नकाशावर प्रत्यक्ष काढून पाहावा.

जागा पसंत पडली की मालकाशी सविस्तर बोलावे. ‘१५ माणसांची सोय’ म्हणजे १५ पलंग असे क्वचितच असते. किती पलंग, किती गाद्या, आणि गादीचे वेगळे पैसे आहेत का, हे नेमके विचारावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न संडास-बाथरूमचा. आम्ही एकदा चार बाथरूमचा म्हणून घेतलेल्या बंगल्यात एकाच ठिकाणी गिझर चालू होता, आणि १४ माणसांच्या अंघोळी उरकून उद्यानाच्या दारात पोहोचेपर्यंत साडेबारा वाजले. तिकीट दिवसभराचे असते, त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी गेलेला प्रत्येक तास तिकिटातूनच वजा होतो. वीज गेल्यास इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, स्वयंपाकघर वापरू देतात का, बाळासाठी दूध तापवता येईल का आणि डिपॉझिट केव्हा परत मिळते, हेही बोलून घ्यावे आणि ठरलेले सर्व व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे.

दर नेहमी करासह विचारावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. संपूर्ण बंगला एकच जागा म्हणून भाड्याने दिला असेल तर वरचा दर लागू शकतो, आणि मग स्वस्त वाटलेला बंगला चार-पाच साध्या खोल्यांपेक्षा महाग पडतो.

बंगल्यांच्या खोट्या जाहिराती देऊन आगाऊ रक्कम उकळणारे लोक सुट्टीच्या काळात फार सक्रिय असतात. फोटो अतिशय देखणे, दर आश्चर्यकारकरीत्या कमी आणि ‘आत्ताच अर्धे पैसे पाठवा, नाहीतर दुसऱ्याला देतो’ अशी घाई, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तेथेच थांबावे. व्हिडिओ कॉलवर फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत जागा दाखवण्यास सांगावे आणि इसार शक्य तितका कमी द्यावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवले जाते तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता वाढते.

दुरून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचावे, रात्री लवकर झोपावे आणि दुसऱ्या दिवशी उद्यान उघडताना दारात असावे. दुसऱ्या रात्रीचे भाडे वाचवण्यासाठी अनेक कुटुंबे उद्यानातून थेट परतीला निघतात. कोल्हापूरकडे परतायचे असेल तर दिवसभर वाहनतळावर ताटकळलेल्या ड्रायव्हरला रात्री घाट चढून सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवावी लागते. ही काटकसर कृपया करू नये. फोन करताना माणसे १४ असतील तर १५ सांगावीत, आणि ड्रायव्हरला झोपायला पंखा असलेली खोली व आपल्याबरोबर जेवण मिळेल याची खात्री त्याच फोनवर करून घ्यावी.