ओकवरचे बांडगूळ: ड्रुइड व्हॅम्पायरांचे घराणे कसे रचावे

कथेसाठी किंवा मित्रमंडळीत खेळायच्या भूमिकाखेळासाठी असे घराणे रचायला बसणारे बहुतेक जण पांढऱ्या दाढीच्या पुरोहिताला सुळे बसवतात आणि काम झाले असे समजतात. ते ठिगळ दुसऱ्याच प्रसंगात उसवते, कारण ड्रुइड हे रोमन काळातल्या गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) आणि ब्रिटनमधल्या केल्ट लोकांचे पुरोहित, तर व्हॅम्पायरची युरोपभर गाजलेली प्रकरणे १७२५ ते १७३२ या काळात सर्बियाच्या खेड्यांतून आली. म्हणून दोघांना जोडणारा सांधा आधी शोधावा. माझ्या मते तो मिसलटोमध्ये, म्हणजे आपल्याकडे आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाच्या युरोपीय भाऊबंदात आहे. आयतोबाला बांडगूळ म्हणणाऱ्या मराठीने हे अर्धे काम आधीच करून ठेवले आहे.

थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहिले आहे की ओकवर उगवलेले मिसलटो ड्रुइडांना परमपवित्र वाटे. चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसलेला पुरोहित झाडावर चढून सोन्याच्या विळ्याने ते कापी, खाली पांढऱ्या वस्त्रात ते झेलले जाई आणि मग दोन पांढरे बैल बळी दिले जात. सोन्याला धार कशी टिकेल, ही शंका वाचकाला येईलच; तेव्हा विळा फांदीसाठी कधी नव्हताच, असे घराण्यातल्या कुणी थोरल्याने सहज बोलून जावे.

नियम या वनस्पतीवरूनच काढावेत. हिवाळ्यात ओकची पाने झडली तरी मिसलटो हिरवे राहते. पाणी आणि क्षार ते यजमान झाडातून ओढते, अन्न मात्र स्वतःच्या पानांत उन्हावर तयार करते, आणि झाड वाळले की तेही वाळते. म्हणून घराण्याची प्रत्येक शाखा एका ओकशी आणि त्याच्या सावलीतल्या एकाच गावाशी बांधावी. तिने गावातली गुरे बरी करावीत, पेरणीचा दिवस सांगावा आणि सहाव्या रात्री आपला वाटा घ्यावा; रक्त पिताना माणूस दगावणे हा तिच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा ठरावा. ऊन यांना जाळत नाही, फक्त रक्ताविना उन्हात राहिल्यास ते वाळत जातात. लसूण आणि क्रूस यांना रजा द्यावी. हे निसर्गपूजक क्रूसाच्या आधीचे आहेत.

नवा सभासद नुसत्या चाव्याने होऊ नये. सीझरच्या वर्णनानुसार काही शिष्य २० वर्षे ऋचा पाठ करीत राहत, कारण इतर व्यवहारांत ग्रीक लिपी वापरणारे ड्रुइड आपली विद्या मात्र लिहून ठेवणे निषिद्ध मानत. वेदपठणाची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इथे रक्ताला काम मिळते: पाठांतर पुरे झाल्यावर शिष्य गुरूचे रक्त पितो आणि गुरूच्या गुरूंनी जपलेल्या ऋचा त्यातून त्याच्याकडे येतात. उपाशी राहिलेल्याची स्मृती मात्र झडू लागते. हे समजावून सांगण्यापेक्षा दाखवावे: शेकोटीपाशी बसलेली म्हातारी ऋचेच्या तिसऱ्या ओळीवर अडते, तीच दुसरी ओळ पुन्हा म्हणते, पुन्हा अडते, आणि शेजारचा शिष्य एक शब्दही न बोलता बाही वर सारतो.

उगमासाठी शाप शोधत बसू नये. इ. स. ६० किंवा ६१ मध्ये सुएटोनिअस पॉलिनसच्या रोमन सैन्याने मोना बेटावर, म्हणजे आजच्या अँगलसीवर, हल्ला केला आणि तिथल्या पवित्र राया तोडल्या. आपल्या कल्पित जगात नावे बदलावीत, कारण तेच ठेवावे: तुटलेल्या राईत मरणाऱ्या गुरूंच्या ऋचा वाचवायला शिष्यांनी त्यांच्या जखमांना ओठ लावले. ड्रुइडांविषयीची माहिती बहुतांशी परक्यांनी आणि शत्रूंनी लिहिलेली आहे, त्यामुळे नरबळीचे आरोप निवेदकाच्या तोंडी न देता घराण्याच्या मागावर असलेल्या शिकाऱ्याच्या तोंडी द्यावेत. ते खरे की खोटे हे वाचकाला उशिरा कळले तर उत्तम.

शिकारी जाणता असेल तर तो शवपेटी शोधत फिरणार नाही. तो ओकच्या बुंध्याभोवती वीतभर रुंदीची साल सोलून काढील. तसे झाड हळूहळू मरते, पण त्यावर पुढेही काही काळ पाने दिसत राहतात, आणि तेवढ्याच मुदतीत घराण्याला दुसरे झाड आणि दुसरे गाव शोधावे लागते.