टीएफटीत टीम कशी बांधावी: ५० गोल्ड कधी फोडायचे आणि कुठे थांबायचे

टीमफाइट टॅक्टिक्स (टीएफटी) हा आठ जणांचा खेळ, ज्यात गोल्डने घेतलेली युनिट बोर्डवर आपोआप लढतात. त्यात टीम कशी बांधायची हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यातले बहुतेक जण एक चित्र पुढे करतात: आठ युनिटचा तयार बोर्ड, कोणावर कोणता आयटम, कोण कुठल्या खणात. चित्र खोटे नसते, पण ते खेळाच्या शेवटाचे असते. तिथवर पोचायचे कसे, हे कोणी सांगत नाही, आणि आमच्याकडची पोरं नेमकी त्या वाटेतच आउट होतात. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत, गणपतीच्या मंडपात रात्रीच्या राखणीला बसून मी हा खेळ वर्षानुवर्षे खेळतोय आणि धाकट्या भावंडांपासून मंडळातल्या पोरांपर्यंत बऱ्याच जणांना शिकवलाय. चूक जवळपास दरवेळी एकाच जागी होते. हा लेख मुख्यतः त्या जागेबद्दल आहे.

खेळ फोनवर आहे, तीन सारखे युनिट मिळाले की एक दोन-स्टार होतो, ट्रेट म्हणजे एका गटाची युनिट जमली की मिळणारी जादा ताकद, एवढे माहीत आहे असे धरतो. युनिटची नावे मुद्दाम घेत नाही, कारण सेट (खेळातला युनिटचा संच) बदलला की ती बदलतात. व्याज, लेव्हल आणि शॉप यांची चौकट मात्र २०१९ मध्ये खेळ आला तेव्हापासून बरीचशी तीच आहे.

पायरी १: आधी आयटम, मग टीम

पहिल्या टप्प्यात आयटमचे जे सुटे भाग पडतात ते बघा. तलवार, बो आणि ग्लोव्हज आले तर एडी (साध्या हल्ल्याच्या) कॅरीकडे, म्हणजे मुख्य मार देणाऱ्या युनिटकडे, वळा. रॉड आणि टिअर आले तर एपीकडे (जादूच्या मारावाल्याकडे). चेन वेस्ट, बेल्ट आणि क्लोक पुढे उभे राहून मार सोसणाऱ्या टँकसाठी. घरून "आज मी अमुक कॉम्प (ठराविक टीम) खेळणार" असे ठरवून बसू नका. ठरवायची फक्त दिशा.

आणि सुटे भाग साठवू नका. परफेक्ट आयटमची वाट बघत तीन-तीन भाग बेंचजवळ (राखीव युनिटच्या रांगेजवळ) पडलेले मला दिसले की राहवत नाही. वेस्ट आणि बेल्ट हातात असतील तर सनफायर केप लगेच करा आणि पुढच्या युनिटला घाला. ते युनिट नंतर विकले तरी आयटम परत मिळतो. त्या आयटमने दुसऱ्या टप्प्यात वाचवलेले एचपी (हरल्यावर कमी होणारा तुमचा जीव) पुढे कोणत्याही गोल्डने विकत मिळत नाही.

पायरी २: दुसरा टप्पा

जो दोन-स्टार होईल तो खेळवा. एकतर सलग जिंका, नाहीतर सलग हरा. एक जिंकली, एक हरली असे करत गेलात तर स्ट्रीकचे (सलग निकालाचे) जादा गोल्ड मिळत नाही. दर १० गोल्डवर १ व्याज, ५० ला ५, त्यापुढे व्याज वाढत नाही.

पायरी ३: ३-२ ला लेव्हल ६

३-२ म्हणजे तिसऱ्या टप्प्याची दुसरी फेरी. दुसरा ऑगमेंट (डावभर टिकणारी जादा मदत) इथे मिळतो. दोन-तीन सेकंद बाकीच्यांचे बोर्ड फिरून बघा आणि तुमच्या दिशेला कमी गर्दी कुठे आहे ते ठरवा. इथून पुढे ३-५ किंवा ४-१ ला लेव्हल ७ आणि शक्य असेल तर ४-२ ला ८, हा मार्ग मी धरतो.

पायरी ४: पन्नास फोडणे

इथे मी स्वतः फार दिवस अडकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सुरुवातीला मला कोणीतरी शिकवले होते, "५० च्या खाली कधी जायचे नाही." मी ते घट्ट धरले. व्याज दरवेळी ५ मिळत होते, आणि ५० गोल्ड हातात ठेवून मी सातवा, आठवा येत होतो. मंडपात शेजारी बसलेला मित्र एकदा ओरडला, "बे, पन्नास गोल्ड घेऊन मरालायस की! गोल्ड हाय खरं बोर्ड कुठं हाय?" त्याचे बरोबर होते. चौथ्या टप्प्यात एक मोठा पराभव दहाच्या वर एचपी नेतो. व्याजाच्या ५ गोल्डसाठी असे दोन-तीन पराभव सोसायचे, हा हिशेब कुठल्याच बाजूने बसत नाही.

मग मी उलट टोकाला गेलो. ४-१ ला लेव्हल ७ वर, ७० च्या आसपास एचपी असताना, एका चार-गोल्डच्या कॅरीसाठी सगळे गोल्ड रोल केले, म्हणजे शॉप पुन्हा पुन्हा बदलून घेण्यात घातले. तो आला नाही. शून्य गोल्ड, शून्य व्याज आणि बोर्ड जुनाच. रोल संपल्यावर बघितले तर त्याच मंडपात बसलेल्या दोघांकडे तो आधीच दोन-स्टार होता. त्या दिवसापासून मी रोल करायच्या आधी कागदावर मांडल्यासारखा हिशेब करतो. तो हिशेब असा.

समजा लेव्हल ८ घेऊन झाल्यावर ५० गोल्ड उरले. खरे तर बहुतेक वेळा ३०-४० च असतात, पण ५० धरा. एक चार-गोल्डचा कॅरी आणि एक चार-गोल्डचा टँक, दोन्ही दोन-स्टार करायचे. म्हणजे ६ युनिट, प्रत्येकी ४ गोल्ड, एकूण २४. उरले २६. रोलला २ गोल्ड, म्हणजे १३ रोल. एका शॉपमध्ये पाच खण, म्हणजे ६५ खण बघायला मिळतील. लेव्हल ८ ला साधारण चार-पाच खणांत एक चार-गोल्डचे युनिट येते. म्हणजे ६५ खणांत अशी १३ ते १६ युनिट दिसतील. पण सेटमध्ये चार-गोल्डचे प्रकारच डझनभर असतात! त्यामुळे तुम्हाला हवे असलेले नेमके युनिट सरासरीने एकदा, फार तर दोनदा दिसणार. दोन-स्टारला लागतात तीन.

हा आकडा ज्याला कळला त्याला बाकीचे आपोआप कळते. एका नावावर अडून बसून रोल करणे म्हणजे गोल्ड विहिरीत टाकणे आहे, मग ते नाव कितीही मोठ्या खेळाडूने सुचवलेले असो. लेव्हल ७ वर तर चार-गोल्डची शक्यता आणखी कमी. शॉपजवळ टक्के लिहिलेले असतात, रोलच्या आधी ते वाचा.

म्हणून मी रोलच्या आधी तीन गोष्टी करतो.

पहिली, नावे नाही, जागा ठरवतो. माझ्याकडे रेजब्लेड आणि इन्फिनिटी एज आहे, तर ते चालवणारे चार-गोल्डचे दोन-तीन कॅरी कोण? टँकचे आयटम घालता येतील असे तीन टँक कोण? यांतला जो आधी दोन-स्टार होईल तो माझा. १२ पैकी एकाची वाट बघणे आणि १२ पैकी पाचांची वाट बघणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी, लेव्हल ७ असताना शॉपमध्ये आपोआप आलेले एखादे उपयोगी चार-गोल्डचे युनिट बेंचवर उचलून ठेवतो. एक-स्टार युनिट विकले तर पूर्ण किंमत परत मिळते. नुकसान झालेच तर एखाद्या व्याजाचे. दोन युनिट आधीच बेंचवर असतील तर तीनऐवजी एकाची वाट बघायची असते, आणि रोलचा सगळा खेळ बदलतो. हे ज्याने सांगितले नाही त्याने तुम्हाला रोल शिकवलाच नाही.

तिसरी, सगळ्यांचे बोर्ड आणि बेंच बघतो. शॉपमधली युनिट सगळ्यांच्या एकाच पोत्यातून येतात. चार-गोल्डच्या एका युनिटच्या पोत्यात १० ते १२ च प्रती असतात. दोघांनी तो दोन-स्टार केला असेल तर सहा गेल्या. आमच्या तालुक्यात बटाट्याला एखादे वर्ष चांगला भाव आला की पुढच्या वर्षी सगळे बटाटा लावतात, आणि भाव कोसळतो. इथेही तसेच. गेल्या डावात जे जिंकले तेच या डावात चौघे खेळत असतात. तुमच्या दिशेचा कॅरी दोघांकडे दिसला तर तिसरे होऊ नका, बाजूचा घ्या. हे बघणे रोलच्या फेरीत नको, त्याच्या आधीच्या फेरीत, लढाई चालू असताना उरकायचे. तयारीला अर्धे मिनिटच मिळते आणि ते सगळे रोलला लागते.

आता प्रत्यक्ष रोल. फेरी सुरू होताच लेव्हल घ्या, बेंच मोकळे करा, मग रोल. हात भराभर चालू दे, पण प्रत्येक शॉप पूर्ण वाचा. चालण्यासारखे चार-गोल्डचे पहिले युनिट दिसले की घ्या आणि कमकुवत युनिट काढून लगेच बोर्डवर चढवा. एक-स्टार असले तरी जुन्या दोन-गोल्डवाल्यापेक्षा बरेच असते, आणि नको झाले तर पूर्ण किमतीला विकता येते. तीन-गोल्डचा दोन-स्टार टँक आयता येत असेल तर तोही घ्या. आठवी जागा एखाद्या ट्रेटचा आकडा वाढवायला एक-स्टार किरकोळ युनिटने भरू नका. त्यापेक्षा एकटा मजबूत टँक बरा. ट्रेटच्या आकड्याचा मोह मी इथे पूर्ण सोडलाय आणि तुम्हीही सोडा.

थांबायचे कधी, हे रोल करण्यापेक्षा अवघड आहे. आमच्यात अनगोळचा एक कन्नड बोलणारा मित्र आहे. मी रोल करत असलो की तो शेजारून स्क्रीन बघतो आणि वेळ आली की म्हणतो, "साकु." पुरे. तो हे कधी म्हणतो ते मी नीट बघत गेलो. तीन आयटमसह एक दोन-स्टार कॅरी, निदान दोन आयटमसह एक दोन-स्टार टँक, आणि एखाद-दोन कामाचे ट्रेट चालू. एवढे झाले की साकु, हातात २२ गोल्ड असले तरी. "आणखी एक टँक दोन-स्टार होईल" म्हणून ते २२ घालवणारा पाचव्या टप्प्यात लेव्हल ९ ला पोचत नाही.

आणि काहीच आले नाही तर? तेव्हा एचपी बघा. ५० च्या वर असेल तर २० गोल्डवर थांबा, २ व्याज घ्या, पुढच्या फेरीला उरलेले रोल करा. ३० च्या खाली असेल तर थांबू नका, शून्यावर या, कारण पुढची फेरी असेलच याची खात्री नाही. मधल्या आकड्यांना मी समोर कोण येऊ शकते ते बघून ठरवतो.

एक इशारा आमच्या भागासाठी. पावसाळ्यात खानापूरकडे काय किंवा शहरात काय, वीज गेली की घरचा वाय-फाय जातो. लढाई तुमच्याशिवाय चालू राहते, पण रोल होत नाही. ४-२ च्या आधी मोबाइल डेटा चालू करून ठेवा. एका जूनमध्ये चांगला डाव मी असाच घालवलाय.

स्वस्त कॅरीची टीम असेल तर

एक, दोन किंवा तीन गोल्डचा कॅरी तीन-स्टार करायचा असेल तर वरची लेव्हलची घाई विसरा. दोन-गोल्डवाल्यासाठी लेव्हल ६ वर थांबा, तीन-गोल्डवाल्यासाठी ७ वर, आणि ५० च्या वरचेच गोल्ड दर फेरीला रोल करा. तीन-स्टारला नऊ प्रती लागतात, म्हणून इथे गर्दी बघणे दुप्पट महत्त्वाचे. दुसरा कोणी तोच कॅरी जमवत असेल आणि तुमच्याकडे चारच प्रती असतील, तर सोडून द्या.

पायरी ५: मांडणी आणि शेवट

टँक पुढे, कॅरी मागच्या रांगेच्या कोपऱ्यात. लेव्हल ९ ला पोचलात तर पाच-गोल्डचे एखादे युनिट घाला. कॅरोसेलला (सगळे एकाच ठिकाणाहून आयटमसह युनिट उचलतात त्या फेरीला) ज्याचे एचपी कमी तो आधी उचलतो, तेव्हा पुढे असाल तर मनातला आयटम मिळेल असे गृहीत धरू नका.

दोघेच उरलात की गोल्डचा प्रश्न जवळपास संपतो आणि मांडणीचा सुरू होतो. समोरच्याचा कॅरी उजव्या कोपऱ्यात असेल तर तुमचा टँक कुठे उभा आहे ते बघा, आणि तुमचा कॅरी दर फेरीला कोपरा बदलू दे. हा बदल तयारीच्या शेवटच्या दोन सेकंदांत करा, कारण तोपर्यंत समोरचाही तुमचा बोर्ड उघडून बसलेला असतो.