सॉफ्टवेअर प्रोजेक्टचं प्लॅनिंग करताना या चुका टाळा

नव्या टीम लीडने केलेला प्लॅन हातात आला की मी आधी तळाच्या ओळी वाचतो. लॉगिन, डॅशबोर्ड, रिपोर्ट ही ओळखीची कामं वर बारकाईने मांडलेली असतात आणि खाली 'इंटिग्रेशन – 3 दिवस' (दुसऱ्या सिस्टीमशी जोडणी), 'डेटा मायग्रेशन – 2 दिवस' (जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणणं) असं उरकलेलं असतं. ज्या कामाची माहिती सर्वांत कमी, त्यालाच वेळ सर्वांत कमी, आणि तोही शेवटी. हे इतक्यांदा पाहिलंय की आता चीड येते.

एका प्रोजेक्टवर मला उशिरा बोलावलं. डेमो छान चालत होता, स्टेटस रिपोर्टमध्ये '90 टक्के पूर्ण' होतं, जुन्या सिस्टीममधला ग्राहकांचा डेटा तेवढा आणायचा होता. डेटाबेस उघडला. जन्मतारखेचा कॉलम चक्क टेक्स्ट. कुठे दिवस आधी, कुठे महिना आधी. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. तारीख माहीत नसेल तिथे 01/01/1900. मोबाइलच्या रकान्यात दोन-दोन नंबर, काहींपुढे 'संध्याकाळी फोन करा' असा शेरा. आणि नव्या सिस्टीममध्ये मोबाइल नंबर हाच लॉगिन आयडी! म्हणजे सगळ्यात आधी 'पूर्ण' झालेलं लॉगिनच पुन्हा उघडावं लागलं. रिलीज कित्येक महिने लांबलं. टीम मेहनती होती, रात्री जागली; पण तो डेटा एकदा उघडून बघायचं काम प्लॅनमध्ये कुणी लिहिलंच नव्हतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात मी खऱ्या डेटातल्या हजारभर नोंदी नव्या टेबलात ओतून बघतो आणि बाहेरच्या एपीआयला (दुसऱ्या सिस्टीमशी बोलायच्या दाराला) एक तरी खरा कॉल करतो. काय अडलं ते लिहून काढायचं, मगच इस्टिमेट, म्हणजे वेळेचा अंदाज, द्यायचं. 'आधी पटकन स्क्रीन दाखवू या' म्हणणाऱ्यांना हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो. वाटू दे. आणि टक्क्यांत स्टेटस मी घेतच नाही. काम टेस्ट होऊन पास झालं तर झालं, नाहीतर बाकी.

दुसरी लाडकी समजूत: उशीर होतोय, माणसं वाढवा. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. हिशेब सोपा आहे. 5 जणांत बोलणाऱ्या जोड्या 10. 10 जणांत 45. शिवाय नव्यांना शिकवायला तेच बसतात ज्यांच्याकडे आधीच वेळ नाही. अशा वेळी मी फीचर कमी करतो, तेही क्लायंटला समोर बसवून, त्याच्याच हाताने यादीवर काट मारून घेऊन.

'वाईटात वाईट काय होईल ते धरूनच आकडा दिलाय' यावरही विसंबू नका. 1994 मध्ये रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर सुमारे 34 दिवस, सगळं बिघडलं तर सुमारे 49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. मनाने आकडा सांगण्यापेक्षा मागच्या तशाच कामाला खरोखर किती वेळ लागला होता ते जुन्या तिकिटांत (कामांच्या नोंदींत) शोधा. कंटाळवाणं आहे, पण करा.

बाकीच्या थोडक्यात.

अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल सामावत काम करायची पद्धत) म्हणजे प्लॅन नको, असं 2001 च्या अजाइल जाहीरनाम्यात कुठेही नाही. बदलाला प्रतिसाद देणं तो लिहिणाऱ्यांनी वर ठेवलं, प्लॅन निरुपयोगी ठरवला नाही.

इस्टिमेट म्हणजे वचन नव्हे. एकच तारीख न देता 'या ते या दरम्यान' असं सांगा.

टेस्टिंगला उरलेला वेळ देऊ नका, तो उरत नाही.

रजा, कोड रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं), सपोर्टचे फोन प्लॅनमध्ये धरा. मी आठवड्याचे चारच दिवस कामाचे धरतो. पाचवा मागणाऱ्याला त्याचंच मागच्या महिन्याचं कॅलेंडर उघडायला लावतो.