आडवा ब्लॉक, अडीच फुटी दारात

नाशिकला भद्रकालीच्या भाजीबाजारात माझा ओठ फुटला तेव्हा मी कराटेत ब्राउन बेल्ट होतो. गाडी लावण्यावरून वाद झाला, समोरच्याने उजवा हात उगारला आणि मी क्लासात घोटलेला ब्लॉक, म्हणजे ठोसा हाताने अडवणं, पूर्ण झोकात मारला. त्याचा हात मेथीच्या जुड्यांवर गेला. माझाही त्याच्या पाठोपाठ तिकडेच. मग त्याचा डावा आला.

आता सिडकोत गच्चीवर पोरापोरींना शिकवताना पहिल्या दिवशी हेच सांगतो: ठोसा तोंडावरून चार बोटं सरकला की काम झालं. ब्लॉकला कराटेत ‘उके’ म्हणतात. हा शब्द जपानी ‘उकेरू’वरून आलाय, म्हणजे घेणं, स्वीकारणं. नावांवरून मात्र भांडू नका. बाहेरून आत येणाऱ्या ब्लॉकला शोतोकान शैलीवाले ‘सोतो उके’ म्हणतात, दुसऱ्या काही शैलींत त्यालाच ‘उची उके’.

घरी बाथरूमच्या दारात उभे राहा, साधारण अडीच फुटी चौकटीत. कोपर काटकोनात, बरगडीपासून एक मूठ पुढे, मूठ खांद्याच्या उंचीला. आता हात न फेकता कंबर वळवा, हात तिच्याबरोबर येईल. मूठ चौकटीला आपटली तर तुम्ही जास्त गेलात. मी सातपूरला तीस वर्षं लेथ चालवला. कापायचं टूल त्याच्या पकडीबाहेर जितकं जास्त काढाल तितकं थरथरतं, कोपराचंही तसंच. अंगापासून लांब गेलं की ताकद संपली.

शेवटच्या वितीत मनगट फिरवायचं. बाहेरून आत येताना करंगळीकडचं हाड लागतं, आतून बाहेर जाताना अंगठ्याकडचं. फिरवलं नाही तर हाडावर हाड सरळ आदळतं, आणि दुसऱ्या दिवशी डबा उचलताना आठवण येते.

जवळच्या अंतरात खरी अडचण वेळेची. डोळ्यांना दिसून हात हलायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो, तेवढ्यात ठोसा पोहोचलेला असतो. म्हणून वाद सुरू होताच दोन्ही पंजे छातीसमोर उघडे धरा, ‘अहो दादा, जाऊ द्या’ म्हणताना धरतो तसे. बघणाऱ्यांना तुम्ही विनवताय असंच वाटतं, आणि हात आधीच अर्ध्या वाटेवर असतात. इथे मूठ वळत बसू नका. तळव्याने त्याचा हात आडवा दाबायचा. मनगटापाशी दाबलात तर थोड्या जोराने वळतो, कोपराच्या जरा वर दाबलात तर माणूसच वळतो.

त्याचा उजवा आला तर त्या हाताच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे तुमच्या डावीकडे, अर्धं पाऊल टाका. त्याचा डावा मग लांब पडतो. दोन हातांच्या मध्ये राहिलात तर तुमचं माझ्यासारखं होईल. तुमचा मोकळा हात हनुवटीपाशी. हे पोरं रोज विसरतात.

सराव जोडीदाराबरोबर, हळू. त्याच्या हातात गुंडाळलेला टॉवेल, दर बाजूने वीस वेळा, नजर टॉवेलवर नाही, छातीवर. घाई करणाऱ्याला मी परत दारात उभं करतो.

समोर चाकू दिसला तर यातलं काहीही करायचं नाही. पळायचं, आणि जमलं तर मध्ये भाजीची हातगाडी येईल अशा बाजूने.