लघवीतल्या युरियावरून प्रथिनांचा हिशेब कसा मांडावा

भातखाचरात टाकायच्या युरियाच्या गोणीवर ‘नत्र ४६ टक्के’ असे छापलेले असते; नत्र म्हणजे नायट्रोजन. आपल्या लघवीतला युरिया हा तोच पदार्थ. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात तयार होतो, तसाच तो आपल्या यकृतातही तयार होतो. प्रथिनांतले जे नत्र शरीराला लागत नाही, ते युरियाच्या रूपात लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून पूर्ण दिवसाच्या लघवीतला युरिया मोजला, की पोटात प्रथिने किती गेली याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

आपल्याकडे याची गरज आहे असे मला मनापासून वाटते. ‘आम्ही मासे खाणारी माणसं, आम्हाला प्रथिनं कमी कशी पडतील?’ हे वाक्य मी किनाऱ्यावरच्या घरांत कितीदा तरी ऐकले आहे. पण ताटात बांगड्याची एक तुकडी आणि भाताचा डोंगर असतो. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की तुकडीही जाते. दात गेलेली आजी तर पेज आणि लोणच्यावरच दिवस काढते.

आधी दिवस निवडा. चार-पाच दिवस नेहमीचेच जेवण झालेले असावे, कारण आहार बदलल्यावर युरिया नव्या पातळीवर स्थिरावायला काही दिवस लागतात. श्रावण संपल्यावर पहिल्यांदा मासे आणले त्या दिवशीची लघवी मोजून काही कळणार नाही.

लॅबमधून चोवीस तासांचा डबा आणा. त्यात आधीच काही औषध घातलेले असेल तर तो धुऊ नका, अंगावर उडू देऊ नका. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी डब्यात घ्यायची नाही. ती टाकून द्या आणि वेळ लिहा, समजा सहा. तिथून पुढची प्रत्येक लघवी डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी सहाची पहिली लघवीसुद्धा डब्यात. बहुतेक चुका इथेच होतात. एखादी लघवी बागेत, होडीवर किंवा बाजारात गेली, तर पुढचे सगळे आकडे खोटे पडतात. ‘थोडीच तर होती’ म्हणून लपवू नका, दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा. शौचाला जाण्याआधी लघवी वेगळी धरा.

कोकणातला उकाडा या मोजणीचा शत्रू आहे. उबेत जंतू वाढतात, युरियाचा अमोनिया करतात आणि आकडा खाली येतो. डबा फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायला घरच्यांना किळस वाटत असेल, तर मासेवाल्यांकडे मिळतो तसा थर्माकोलचा खोका आणि बर्फ वापरा. बर्फ वितळेल तसा बदलत राहा.

त्याच दिवशी खाल्लेले सगळे वहीत लिहा, शक्यतो कच्चे वजन करून. १०० ग्रॅम तांदळात साधारण ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात, कुळथाच्या पिठात सुमारे २२, बांगड्याच्या खाण्याजोग्या भागात १९-२०. एका अंड्यात ६.

डबा पूर्णच लॅबमध्ये न्या. फक्त नमुना मागितला, तर आधी एकूण लघवी मापून मिलिलिटर लिहा, नीट हलवा, मगच नमुना काढा. चाचणी युरिया आणि क्रिएटिनिन दोन्हींची करायला सांगा. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रोज लघवीत येणारा टाकाऊ पदार्थ. तो डबा पूर्ण भरल्याचा साक्षीदार आहे: दिवसाला पुरुषांत वजनाच्या किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, स्त्रियांत १५ ते २०, वृद्धांत आणि अंगाने बारीक माणसांत कमी. फारच कमी आले तर काही लघवी डब्याबाहेर गेली असावी.

आता हिशेब. ५५ किलोची एक बाई धरू. लघवी १.६ लिटर, युरिया १०० मिलिलिटरमध्ये ९०० मिलिग्रॅम. म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, एकूण १४.४ ग्रॅम युरिया. २.१४ ने भागले की नत्र ६.७ ग्रॅम; हा गोणीवरचा ४६ टक्क्यांचाच हिशेब. अहवालात ‘युरिया’ लिहिले आहे की ‘युरिया नायट्रोजन’, हे मात्र विचारून घ्या. दुसरे असेल तर भागायचे नाही, नाहीतर उत्तर निम्म्याहून कमी येईल.

युरियाखेरीज इतर रूपांत आणि शौचावाटे जाणारे नत्र वजन गुणिले ०.०३१ ग्रॅम धरतात: इथे १.७. बेरीज ८.४. प्रथिनांत नत्र १६ टक्के असते, म्हणून ६.२५ ने गुणायचे: सुमारे ५३ ग्रॅम प्रथिने. भारतातील निरोगी प्रौढासाठी शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे हिला सुमारे ४६. वरवर पाहता सगळे ठीक.

पण वही काय सांगते? ३०० ग्रॅम तांदूळ २३, बांगडा १५, कुळथाची पिठी ७, चहातले दूध वगैरे ३: एकूण ४८. त्याला ६.२५ ने भागले तर आत आलेले नत्र ७.७, बाहेर गेलेले ८.४. फरक उणे ०.७. एवढा फरक मोजमापाच्या चुकीतही येतो, त्याने घाबरू नका. रुग्णालयात सोपेपणासाठी युरियातल्या नत्रात सरसकट ४ ग्रॅम मिळवतात. त्या पद्धतीने तूट मोठी दिसते, म्हणून दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

तूट तीन-चार ग्रॅमची असेल आणि पुन्हा मोजूनही तशीच आली, तर ती गंभीर आहे. ताप, शस्त्रक्रिया, मोठी जखम किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना शरीर स्वतःचेच स्नायू मोडते. तेव्हा युरिया भरपूर येतो आणि ‘खाणे चांगले आहे’ असा उलटा समज होतो. तूट खरी असेल, तर प्रथिनांबरोबर भातासारखे पुरेसे ऊर्जा देणारे अन्नही लागते, कारण भुकेले शरीर खाल्लेले प्रथिनही जाळून टाकते. गरोदरपणात आणि वाढत्या मुलांत मात्र आत आलेले नत्र बाहेर गेलेल्यापेक्षा जास्तच यायला हवे. अतिसारात किंवा भाजलेल्या रुग्णात नत्र इतर वाटांनी जाते, तिथे हा हिशेब अपुरा पडतो.

मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, तर आकडा पाहून आहार स्वतः बदलू नका. वही, अहवाल, लघवीचे एकूण माप आणि सुरू केल्याची वेळ एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. आहार बदलला, तर आठवडाभर तो तसाच ठेवून मग पुन्हा डबा आणा.